काचेतले तळे

गेल्या वर्षीच्या श्रावणात आमच्या सातवीच्या वर्गाने मासे पाळले. वर्गणी मुलांनीच काढली. काचेचे एक गोल भांडे, मूठभर रंगीत खडे, प्लॅस्टिकचे एक हिरवे झुडूप आणि चार गोल्डफिश असा सगळा संसार तालुक्याच्या बाजारातून आला आणि खिडकीजवळच्या टेबलावर विराजमान झाला. मुलांचा उत्साह काय वर्णावा! वर्गात मुले बेचाळीस. प्रत्येकाने आपल्या हाताने चिमूटभर खाद्य घातल्याखेरीज कुणाचे समाधान होईना. मागच्या बाकावरची एक मुलगी स्वभावानेच नीटनेटकी. पाण्याचे काम तिने आपण होऊन पत्करले. रोज प्रार्थनेआधी ती मासे तांब्यात काढी, भांडे घासून लख्ख करी, खडे चोळून धुई, आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे पुन्हा सोडी.

पाचव्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसला. नवव्या दिवशी भांडे रिकामे झाले.

मुले दोन दिवस हळहळली आणि मग कबड्डीत रमली. ती मुलगी मात्र रमली नाही. मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाई, मी तर रोज पाणी स्वच्छ करत होते. मग ते मेले कसे?"

मी म्हणाले, "पाहून सांगते."

शिक्षकाच्या तोंडचे 'पाहून सांगते' म्हणजे काय, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तो विषय तिथेच मिटतो. पण आठ दिवसांनी ती पुन्हा पुढ्यात उभी राहिली. "बाई, पाहिलंत का?" मग मात्र मला पाहणे भाग पडले. मी काही शास्त्र शिकलेली बाई नव्हे. गोष्टी लिहिणे हा माझा छंद आणि मुले शिकवणे हा व्यवसाय. त्यामुळे उत्तर शोधायला मी निघाले ती गोष्टींच्याच वाटेने. आणि मोठी मौज अशी की, त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नापायी माणसांनी शेकडो वर्षे डोके खाजवलेले आहे, असे दिसून आले. हा लेख म्हणजे तिला दिलेले ते लांबलेले उत्तर.

मासा पाळणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख ज्यात सापडतो तोच हा ग्रंथ. राजाने मन कशात रमवावे हे सांगताना त्याने 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच लिहिले आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, गळ कसा टाकावा, याची त्यात बारकाईने चर्चा आहे. महाडजवळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तिथले मासे देवीचे मानतात. त्यांना कुणी मारीत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात. जुन्या वाड्यांच्या विहिरींत पाणी नितळ राहावे म्हणून कासव सोडण्याची रीत तर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली आहे. पण हे सारे डोहातले, विहिरीतले, तळ्यातले पाळणे. तिथे माशाची काळजी पाणी स्वतःच घेते. पाण्याचा लहानसा तुकडा तोडून घरात आणला की काळजी आपल्यावर येते, आणि खरी कथा तिथून सुरू होते.

तो तुकडा घरात आणला प्रथम चिनी लोकांनी. तिथल्या तळ्यांत कार्पच्या जातीचे करड्या रंगाचे मासे असत. त्यांत एखादा चुकून तांबूस-पिवळा निपजे. सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे सन ९६० ते १२७९ या अवधीत, असे रंगीत मासे वेगळे काढून त्यांची वीण वाढवण्याचा नाद लागला आणि गोल्डफिश जन्माला आला. पुढे मिंग घराण्याच्या अमदानीत हे मासे चिनीमातीच्या मोठ्या कुंड्यांतून घराच्या आत आले. कुंडीतला मासा दिसतो वरून. म्हणून दुहेरी शेपट्या, फुगीर अंग, बटबटीत डोळे, असे वरून पाहताना शोभून दिसणारे प्रकार त्यांनी हौसेने निपजवले. आज आपण ते काचेतून, बाजूने पाहतो. ज्या बाजूने पाहायला ते घडवलेच नव्हते ती बाजू आपल्या वाट्याला आली आहे!

सतराव्या शतकात हे मासे युरोपात पोचले. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने २८ मे १६६५ रोजी एका ओळखीच्या बाईंच्या घरी काचेच्या भांड्यातले परदेशी मासे पाहिले, आणि ते तसेच सदासर्वदा जगतील अशा समजुतीने नवलाने टिपून ठेवले. सदासर्वदा! बिचाऱ्याने नवव्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिले असते तर काय लिहिले असते कोण जाणे. १७४७ मध्ये होरेस वॉल्पोल या सरदारपुत्राची लाडकी मांजर गोल्डफिशच्या चिनीमातीच्या टोपात पडून बुडाली, आणि टॉमस ग्रे या कवीने तिच्यावर कविता केली. मांजरीला विलापगीत लाभले. भांड्यांतून मेलेल्या हजारो माशांसाठी मात्र कुणी ओळ लिहिल्याचे ऐकिवात नाही.

मासे मरत होते, कारण भांड्यातल्या पाण्यात काय घडते हेच कुणाला ठाऊक नव्हते. पाणी मळते एवढे दिसे, म्हणून पाणी बदलत. आमच्या वर्गातल्या मुलीने केले तेच सगळी दुनिया दोनशे वर्षे करीत होती.

पहिला धागा हाती लागला तो हवेच्या अभ्यासातून. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने बंद भांड्यात मेणबत्ती जाळून हवा 'खराब' केली आणि तीत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच डॉक्टराने दाखवून दिले की, ही किमया झाडाच्या हिरव्या भागाची, आणि तीही उन्हात असताना. पाण्यात बुडवलेल्या पानांवर ऊन पडताच बुडबुडे सुटतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. झाड आणि प्राणी एकमेकांच्या श्वासावर जगतात, ही गोष्ट तेव्हा प्रथम उमगली.

दुसरा धागा एका बाटलीतून निघाला. नॅथॅनिअल वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागातला डॉक्टर. गिरण्यांच्या धुराने त्याच्या बागेतली नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत घालून झाकण लावले. पतंगाचे काय झाले ते असो, पण त्या मातीतून नेचाचा एक कोंब आणि गवताचे पाते उगवले आणि झाकणाआड खुशाल वाढत राहिले. यातूनच 'वॉर्डची पेटी' निघाली. हिच्यात बसून रोपे महासागर ओलांडू लागली. १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या उतारावर आणली ती अशाच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या चहाचा आणि दिवाणखान्यातल्या मत्स्यपेटीचा पणजोबा एकच आहे, हे वाचून मला तरी गंमत वाटली.

आता दोन बायकांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

झान व्हिलप्रू ही फ्रान्समधल्या जुयाक गावची, १७९४ ची. पॅरिसला शिवणकाम करून पोट भरणारी. १८१६ मध्ये राजघराण्यातल्या एका लग्नाच्या पोशाखाची कलाकुसर तिच्या हातून झाली आणि तिचे नाव झाले. जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावर मेसिना येथे राहायला गेली. तिथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा, अष्टपादाच्या कुळातला एक जीव असतो. त्याच्या अंगावर कागदासारखा पातळ शिंपला असतो. हा शिंपला त्याचा स्वतःचा, की दुसऱ्या कुणाचा लुबाडलेला, यावर मोठमोठे पंडित वाद घालीत होते. या शिंपीकाम करणाऱ्या बाईने वाद घातला नाही. १८३२ मध्ये तिने काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत जिवंत आर्गोनॉट ठेवले, आणि पाहत बसली. शिंपल्याचा तुकडा मोडला तर तो जीव आपल्या हातांनी तो सांधतो, आणि पिल्ले बिनशिंपल्याची जन्मून पुढे स्वतःच शिंपला घडवतात, हे तिने दाखवले. फाटलेले कोण शिवतो हे शिवणारणीच्याच नजरेला दिसावे, यात नवल कसले! पुढे बेट सोडताना तिचा संग्रह आणि टिपणे घेऊन निघालेले जहाज बुडाले. तिचे नाव मागे पडले ते फार वर्षे.

दुसरी ॲना थिन, लंडनच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ मध्ये समुद्रकाठी टॉर्की येथे गेली असता तिला जिवंत प्रवाळ आवडले. वाटेत आपटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजावर टाचले, दगडी बरणीत ठेवले आणि लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी रोज कुठून आणणार? तेव्हा तिने युक्ती केली. उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. आपण ताक निववतो तसे. म्हणजे पाण्यात हवा मिसळे. हे काम अर्धा-पाऊण तास चाले, आणि ते करी घरची मोलकरीण. पुढल्या वर्षी समुद्रवनस्पती पाण्यात ठेवल्यावर तिची पुष्कळशी सुटका झाली. बाईंचे नाव इतिहासात आले. मोलकरणीचे नाव मला कुठेही आढळले नाही. आज पेटीच्या कोपऱ्यात जो लहानसा पंप घुरघुरत हवेचे बुडबुडे सोडतो, तो दिसला की मला खिडकीशी उभी राहिलेली ती बाई आठवते.

आता येतो आपल्या कथेचा नायक. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतला रसायनतज्ज्ञ. १८४९ मध्ये त्याने काचेच्या भांड्यात झऱ्याचे पाणी, तळाला वाळू व दगड, आणि दोन लहान गोल्डफिश ठेवले. सोबत वॅलिस्नेरिया नावाची, रिबिनीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली. ही आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. काही दिवस छान गेले. मग जुनी पाने कुजू लागली, काचेवर बुळबुळीत हिरवा थर चढला, पाणी गढूळ झाले. दुसरा कुणी असता तर भांडे घासून पाणी बदलून मोकळा झाला असता. वॉरिंग्टन थांबला आणि विचार करू लागला की, तळ्यात हे कुजके कोण निस्तरते? त्याने पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, काच चाटून साफ केली, आणि त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा सारा प्रयोग लिहून छापला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय, तिघे एकमेकांना धरून राहिले की पाणी न बदलता महिनोन् महिने जगतात, असा त्याचा निष्कर्ष. 'समतोल मत्स्यालय' ही कल्पना इथे जन्मली.

पुढचा भाग वेगाने घडला. इंग्लंडात काचेवरची जकात १८४५ मध्येच उठली होती, काच स्वस्त झाली होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिबागेत जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस याने १८५४ मध्ये 'ॲक्वेरियम' याच नावाचे पुस्तक लिहिले आणि तो शब्द घरोघर पोचला. आगगाडीने माणसे समुद्रावर जाऊ लागली, खडक खरवडून जीव बरण्यांत भरून आणू लागली. वेडच ते! गॉसच्याच मुलाने पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात खंत केली आहे की, वडिलांच्या पुस्तकांमुळे इंग्लंडचे सुंदर किनारे ओरबाडले गेले, आणि त्याचे दुःख वडिलांनाही होते. आणि घरी आणलेल्या त्या जिवांचे झाले काय? १८६८ मध्ये एका लेखकाने नमूद केले आहे की, दहांतल्या नऊ पेट्या टाकून दिल्या गेल्या. आमच्या वर्गाचे भांडे अडगळीत गेले तसेच.

जर्मनीत मात्र वेगळे वारे होते. एमिल रॉसमेस्लर या निसर्गअभ्यासकाची प्राध्यापकी १८४८-४९ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे गेली होती. सामान्य माणसाला निसर्ग समजावा म्हणून तो सोप्या भाषेत लिहीत असे. १८५६ मध्ये एका कौटुंबिक मासिकात त्याने लेख लिहिला, त्याचे नाव 'काचेतले सरोवर'. समुद्र दूर असला तर बिघडले कुठे, गावातले तळे तर आहे ना, असा त्याचा रोख. घरगुती गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाचा प्रसार या लेखाने फार झाला. माझ्या लेखाचे नाव मी त्याच्याकडूनच, जरा लहान करून, उसने घेतले आहे.

आता वाचक म्हणतील, बाई, उत्तर मिळाले की! झाडे लावा, गोगलगायी सोडा. पण थांबा. वॉरिंग्टनचे उत्तर खरे असले तरी अर्धे होते.

मासा नुसता श्वासच घेतो असे नाही. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात पडत असतो. उरलेले अन्न कुजले की तोच वायू. हे माशाला विषच. मग तळ्यातले मासे त्या विषाने मरत का नाहीत? याचे उत्तर मिळाले ते तळ्यात मिळाले नाही, शेतात मिळाले. १८७७ मध्ये पॅरिसला श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी दाखवले की, सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट जिवंत सूक्ष्मजीव बनवतात. ही बातमी वाचून इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रातल्या एका रसायनतज्ज्ञाने मातीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याला आढळले की, हे काम दोन पायऱ्यांनी होते. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच निरुपद्रवी आणि वनस्पतींना खत. ते जंतू वेगळे काढणे मात्र त्याला साधले नाही. ते साधले १८९० च्या सुमारास झुरिकला सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला.

त्या शेतीतज्ज्ञाचे नाव वाचून मी थबकले. रॉबर्ट वॉरिंग्टन! बापाचेच नाव घेतलेला मुलगा. बापाने गोल्डफिशचे भांडे मांडले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता, आणि रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने बापाच्याच प्रयोगशाळेत गिरवले. बापाने श्रेय दिले वनस्पतीला आणि गोगलगायीला. पण भांड्याच्या तळाशी वाळूच्या कणाकणावर डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी कामकरी बसले होते, त्यांची त्याला गंधवार्ता नव्हती. त्यांचा माग काढला मुलाने, तोही मातीत. तोवर बाप हयात नव्हता. १८६७ मध्येच तो वारला होता. कथाकाराने हे रचले असते तर वाचक म्हणाले असते, योगायोग फार झाला.

तेव्हा आमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे. हे सूक्ष्मजीव वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही त्यांना एक दिवसही दिला नाही. रोज खडे चोळून धुतले म्हणजे रोज ती वस्ती उठवली. नळाच्या ताज्या पाण्यातल्या क्लोरिनने माशांचे कल्ले पोळले. बेचाळीस चिमट्या अन्न कुजून अमोनिया वाढला. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले, त्यामुळे पाण्याचे उघडे तोंड अरुंद झाले. पाण्यात हवा शिरते ती मुख्यतः त्या उघड्या तोंडातून. आणि गोल्डफिश तर पुष्कळ खाणारा, पुष्कळ घाण करणारा, वीतभर वाढणारा मासा. त्याला तसले भांडे म्हणजे कोठडीच.

हे तिला सांगायचे म्हणजे, तुझ्या स्वच्छतेनेही ते मेले, असे सांगणे आले. दोन दिवस मला धीर झाला नाही. मग सगळी गोष्ट, चीनपासून वॉरिंग्टनच्या मुलापर्यंत, मी वर्गाला एका तासात सांगितली. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाई, त्या वॉरिंग्टनलासुद्धा माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "पुन्हा आणूया."

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा मांडणी केली. या वेळी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी चौकोनी पेटी घेतली. हिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते, तेव्हा टेबल मजबूत हवे. पूर्वी लोखंडी चौकटीत लुकणाने काचा बसवीत. आता सिलिकॉनने काचेला काच चिकटवतात. थेट ऊन येणार नाही अशी जागा निवडली, कारण उन्हाने शेवाळ माजते. नदीची जाड वाळू पाणी नितळ येईस्तोवर धुऊन दोन इंच पसरली. तीत वॅलिस्नेरिया लावली. वाळू उधळू नये म्हणून ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओतले. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरले. एका कोपऱ्यात पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी बसवली. आणि मासे मात्र आणले नाहीत.

दिवाळीची सुट्टी लागली. शिपाईमामा रोज चिमूटभर खाद्य त्या रिकाम्या पाण्यात टाकीत. मुले हसत, "बाई, मासेच नाहीत तर खायला कुणाला?" मी म्हणे, "पितृपंधरवड्यात आपण न दिसणाऱ्यांनाच जेवू घालतो ना? तसंच हे." त्या अन्नाच्या कुजण्यातून मिळणाऱ्या अमोनियावर सूक्ष्मजीवांची वस्ती बसत होती.

सुट्टीनंतर, महिना उलटल्यावर, सहा झेब्रा मासे आणले. अंगावर निळे पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा हा चपळ मासा अस्सल आपला. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवर १८२२ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्यात त्याची प्रथम नोंद आहे. पुढे तो परदेशी पेट्यांत गेला, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. आपल्या सह्याद्रीचे नाव मिरवणारा एक मासाही जगाच्या बाजारात गेला आहे. केरळकडच्या ओढ्यांतल्या लाल पट्ट्याच्या या सुंदर माशाच्या कुळाला २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी 'सह्याद्रिया' असे नाव दिले. पण ओढ्यांतून त्याची इतकी उचल झाली की आज तो धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. म्हणून मासा घेताना तो पैदाशीचा आहे की ओढ्यातून ओरबाडलेला, हे विचारून घ्यावे. इंग्लंडच्या किनाऱ्यांची गत आपल्या ओढ्यांची न होवो. आणि नको झालेला पाळीव मासा नदीत सोडून पुण्य जोडू नये. डासांच्या अळ्या खातो म्हणून उपकारी ठरलेला गप्पीसुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. ओढ्यात सुटला तर इथल्या लहान माशांच्या जिवावर उठतो.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. लहानपणी शाळेच्या सहलीत मी ते पाहिले होते. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचांपुढे आम्ही मुली नाके टेकवून उभ्या होतो, आणि मागून बाई ओरडत होत्या, "पुढं चला, पुढं चला." आता वाटते, त्यांनी जरा थांबू दिले असते तर बरे झाले असते. पाण्यापुढे उभे राहिले की माणसाला आपोआप प्रश्न पडतात.

आमच्या पेटीला यंदा वर्ष होईल. आठवड्यातून एकदा चौथा भाग पाणी काढतो आणि शिळे केलेले पाणी घालतो. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच, आणि तेही एकाच्या हातून. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळायचा. सहांपैकी एक मासा उन्हाळ्यात गेला, पाच आहेत.

ती मुलगी जूनमध्ये आठवीला मोठ्या शाळेत गेली. जाण्याआधी तिने पेटीची वही नव्या सातवीच्या स्वाधीन केली. पहिल्या पानावर तिने ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे: 'सगळे पाणी एकदम बदलू नये. जुने थोडे राहू द्यावे.'

परवा नव्या वर्गातल्या एका मुलाने ती ओळ वाचली आणि हात वर केला. "बाई, का?"

मी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "ऐका, सांगते."